डावा दंड आणि चाळिसाव्याचे जेवण

मी, मुंजी बिन सालेम, वय एकाहत्तर, राहणार स्फाक्स, धंदा ऑलिव्ह खारवून विकणे, डोके ठिकाणावर असताना आणि सकाळची गोळी घेऊन हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो.

१. घर व दुकान कायद्याने ठरलेल्या वाट्यांप्रमाणे मुलगी सेल्मा आणि दिवंगत मुलगा निझार याची मुलगी रीम यांना जावे. त्यात मी ढवळाढवळ करत नाही.

२. खारवणाचे पाच रांजण समोरच्या दुकानदाराला, लामीनला द्यावेत. दोन गळतात. त्याला ठाऊक आहे, मला त्यानेच विकले होते.

३. वडील, काका आणि थोरला भाऊ डोक्यात रक्तस्राव होऊन गेले. घरात 'नजर लागली' म्हणत. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितले, की आमच्या घराण्यात एक जनुकीय फरक आहे आणि त्याने शरीर मीठ धरून ठेवते. फरक असला की रक्तदाब वाढतोच असे नाही, धोका वाढतो. वेळेत कळले तर बहुधा रोजची गोळी पुरते.

चुलतभाऊ तिजानीने तो कागद पाहिला. "गप्प बस, मुंजी! तुझ्या सेल्माचं, माझ्या तिन्ही पोरींची लग्नं व्हायचीत अजून. रक्तात खोट आहे म्हटल्यावर कोण उभं करील दारात?"

मी गप्प बसलो. सेल्माचे लग्न थाटात झाले. निझार चौतिसाव्या वर्षी तेलाच्या घाण्यावर कोसळला. त्याचा दाब कधी कोणी मोजलाच नव्हता. दोष नजरेचा नाही, माझा आहे. त्याचे दुःख मला रोज होते.

४. दाब मोजायचे यंत्र रीमला द्यावे. ती आता सतराची आहे. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी माझ्या नावाने कुसकुसचे, म्हणजे वाफवलेल्या रव्याचे जेवण होईल. मेलेल्याचे जेवण आमच्यात कोणी नाकारत नाही, त्याचा मी फायदा घेतो. प्रत्येक नातलगाने आधी डावा दंड पुढे करावा, मग ताटाकडे वळावे. पहिला दंड रीमचा. मीठ निम्मे घालावे. सेल्मा कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

स्फाक्स, १४ नोव्हेंबर २०२३
सही: मुंजी बिन सालेम

साक्षीदार पहिला: नूरेद्दीन, न्हावी.

साक्षीदार दुसरा: तिजानी. सहीला आला तेव्हा म्हणाला, "माझं काय मोजतोस? मला काय धाड भरलीय!" मोजल्याशिवाय पेन दिले नाही. वरचा दाब एकशे चौऱ्याण्णव, खालचा एकशे बारा. दोनदा मोजले.

(खाली तिजानीच्या अक्षरात) वाचून सही केली. चाळिसाव्यापर्यंत थांबायचं कशाला? माझ्या तिन्ही पोरींना दाब मोजायला आजच बोलावलंय.