सुगरणीची पसंती

८ जुलै

आले एकदाची! कडा गावाच्या फाट्यावर मन्मथप्पा मोटरसायकल घेऊन उभेच होते. गावात त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे, गावाबाहेर ऊस. उसाच्या कडेला जुनी पायऱ्यांची विहीर, विहिरीवर झुकलेली बाभूळ, आणि बाभळीला लटकलेली सुगरण पक्ष्यांची घरटी. पावसाळाभर मला एवढंच बघायचं आहे की मादी कुणाचं घरटं पसंत करते आणि का. हा हंगाम हुकला तर संस्था पुढचं वर्ष देणार नाही.

त्यांनी राहायला दिलेली खोली विहिरीच्या अगदी काठावर, नवी. दार विहिरीकडे उघडतं, मागे एक खिडकी. तिसरी भिंत छातीपर्यंतच बांधलेली आहे, तिथून छताच्या पत्र्यापर्यंत ताडपत्री. होईल पुरी, असं मन्मथप्पा म्हणाले.

त्यांच्या पत्नी दानम्मा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. ताट टेकवायच्या आधीच विचारलं, खोली पसंद पडली का? मी म्हटलं, थोडे दिवस राहून सांगते. त्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

बांधावर शेळ्या चारणारी अंजना भेटली. मी पाखरं बघायला पगार घेते हे ऐकून खो खो हसली. म्हणाली, बाई, त्यापरीस माझ्या शेळ्या बघा, दूध तरी गावंल.

१४ जुलै

काम छान चाललंय. नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं. उसाच्या पानाची कड चोचीने धरून उडतो, टर्रकन लांब पट्टी निघते. घरटं उलट्या टोपलीएवढं झालं की थांबतो आणि पंख फडफडवत बोलावतो. मादी नराकडे बघतही नाही. ती घर बघते, आत बसून काड्या ओढून पाहते. आवडलं नाही तर उडून जाते, मग नर ते अर्धं घरटं फाडून टाकतो. आवडलं तरच तो पुढचं बांधतो, अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी.

आज दुपारी सहज खिडकीचे गज ओढून पाहिले. एक सैल आहे.

१७ जुलै

गज पक्का झालाय. मी कुणालाही बोलले नव्हते.

दिवसभर मी बाभळीखाली होते, खोलीला कुलूप. दुसरी किल्ली मन्मथप्पांकडे. फोन केला तर म्हणाले, दुकानातून हललो न्हाई ताई. गजाच्या बुडाशी सिमेंट नाही, पिवळी माती आहे, आणि मातीत उसाच्या पानांच्या पट्ट्या. नुसत्या घातलेल्या नाहीत, एकीतून एक ओवलेल्या. अर्धी भिंतही वर आली आहे.

बाईमाणूस एकटी राहते म्हणून कुणीतरी आत-बाहेर करतंय, हे मला चालणार नाही.

२० जुलै

कड्याहून नवं कुलूप आणलं. मन्मथप्पांना दुकानातच गाठून गवंड्याचं नाव विचारलं. ते गिऱ्हाइकाला युरिया देत राहिले. शेवटी म्हणाले, गवंडी आपला हाय, त्याला सांगावं लागत न्हाई.

परतताना अंजनाने उसाच्या पलीकडे पाडलेल्या खोल्या दाखवल्या. प्रत्येक विहिरीकडे तोंड केलेली. आधी एक नर्सबाई राहायला आल्या होत्या, मग बँकेतल्या एक. राहून बघितलं, पसंद न्हाई म्हणाल्या, गेल्या. त्या गेल्या की खोली पडली. नर्सबाई आता अंबाजोगाईला असतात, पोरंबाळं हायेत, मजेत हायेत. हे ऐकून बरं वाटलं. कोण पाडतं, विचारलं तर अंजना शेळीवर खेकसली आणि चालू लागली.

२६ जुलै

कुलूप जसंच्या तसं. भिंत पत्र्याला टेकली. आणि आत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले. सुगरणीचा नर अर्ध्या घरट्यात अगदी असेच गोळे लावतो.

म्हणजे ज्याला हे माहीत आहे असं कुणीतरी माझी चेष्टा करतंय. संशय रोहिणीवर आहे. मन्मथप्पांची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली, बी.एस्सी. झालेली. परवा खोदून खोदून विचारत होती. मादी नाही म्हणाली तर? मी म्हटलं, तर सुटली. आणि कुणीच हो म्हणालं नाही तर? मी म्हटलं, तर नर दुसरीकडे बांधायला लागतो. पोटावर हात ठेवून ती आत गेली.

आज तिला जाब विचारायला त्यांच्या घरी गेले. रोहिणी झोपली होती. तिच्या खोलीच्या भिंतीवरही मातीचे गोळे होते. वाळलेले, आणि एक ओला.

मग ती नव्हे. तर कोण?

३१ जुलै

दानम्मा रोज येतात, रोज तोच प्रश्न. मी टाळत आले. आज रोहिणीला सोबत आणलं होतं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आत आली नाही. बाहेर धो धो पाऊस, माझी खोली कोरडी ठणठणीत. त्या माउलीची भाकरी खातेय, किती ताणायचं? म्हटलं, हो दानम्मा, पसंत आहे.

दानम्मा मटकन खाली बसून रडायला लागल्या. माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. रोहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही.

इतकं काय रडण्यासारखं बोलले मी?

१ ऑगस्ट

सकाळी उठले तर खिडकी नाही. फोन खिडकीच्या कोनाड्यात चार्जिंगला होता. कोनाडा लिंपलाय, फोनसकट.

दार आहे. पण दारापुढे मातीचा बोळ झालाय, रांगत जावं लागेल एवढाच. पुढे अंधार.

अंजना शेळ्या घेऊन आली. भिंतीपलीकडून ओरडली, बाई, हो म्हणलात का? कशापायी म्हणलात? मग तिनेच सांगितलं. खोली रिकामी राहिली की तो दानम्माच्या घरात शिरतो. औंदा रोहिणीच्या खोलीला माती लागली. लेकीला वाचवायला त्यांना कुणाचातरी होकार हवा होता.

तो म्हणजे कोण, विचारलं. अंजना म्हणाली, काम दिसतंय, त्यो दिसत न्हाई.

मी भिंतीला तोंड लावून ओरडले — पसंत नाही, पसंत नाही —

बाहेर टर्रकन आवाज. उसाचं पान फाटल्याचा. फार मोठं पान.

२ ऑगस्ट

अंजना विळ्याने भिंत कापतेय. ती कापते, तो ओवतो. मला आतून दिसतं — पट्टी आत येते, वळते, बाहेर जाते. भर दुपारी, उजेडात. कुणाचा हात दिसत नाही.

दानम्मा आल्या होत्या. माझी हाक ऐकली. उभ्या राहिल्या, आणि गेल्या.

जमिनीवर मऊ काहीतरी अंथरलंय. बसत नाही मी त्यावर. उभीच आहे.

३ ऑगस्ट

बोळात शिरून पाहिलं. चार हात सरळ, मग खाली वळतो. खाली विहिरीचं पाणी. नळी — लोंबणारी नळी —

अंजनाला सांगितलं. ती म्हणाली, मी दोर घेऊन पायऱ्यांनी खाली उतरते, नळीच्या तोंडाशी येते. तुमी पाय सोडा, मी धरते.

वाट बघतेय. भिंतीला टेकले की भिंत गरम लागते.

त्याच दिवशी

बोळ खाली वळतो तिथे बसलेय, पाय नळीत सोडून. लिहीत राहिलं की खाली बघावं लागत नाही.

अंजना पोचली. पाय धरला तिने.

ओढत का नाही? नुसता चाचपतेय — घोटा, पोटरी — जरा ओढते, सोडते, पुन्हा ओढून बघते —

वरून हाक. विहिरीच्या काठावरून. अंजनाचीच. बाई, थांबा, दोर अजून माझ्यापाशीच हाय, मी उतरले न्हाई —

मग खाली हे कोण