बहिरूबाबांनी फटफटीचे दात पाहिले

नाशिक,
श्रावण शुद्ध अष्टमी, शके १८५९

तीर्थस्वरूप लहानूदादांना सावळीरामाचा साष्टांग नमस्कार.

जावयानं एवढं वाकून नमस्कार केलेला पाहून तुम्ही लगेच पत्राचा शेवट काढून वाचाल. तुमचा स्वभावच आहे तो. पण कृपा करून तसं करू नका, सरळ वाचत या. तिकडे सगळी खुशाल असतीलच. वहिनींचा गुडघा आता काय म्हणतो? (एरंडाचं पान बांधून पाहिलं का? नसेल तर बांधा, आणि बांधून काही झालं नसेल तर सोडा.) चाळीतल्या कांद्याला मोड फुटले असं कळलं, जीव हळहळला. इकडे तुमची बहीण मालन ठीक, मी ठीक आणि तुमचे वडील आम्हा दोघांपेक्षा ठीक. बाबा सकाळी न्याहारी करतात, शेजारच्या टांग्याच्या घोड्याला नावं ठेवतात आणि दुपारी ओसरीवर आडवे होतात. हौशा गेल्यावर रिकाम्या दावणीकडं त्यांना बघवेना, म्हणून तुम्ही त्यांना आमच्याकडं धाडलंत, ते फार बरं केलंत. बैलाचं दुःख माणसाच्या दुःखाएवढंच असतं हे मला शहरात राहून ठाऊक नव्हतं. अजून ते जेवताना भाकरीचा पहिला तुकडा मोडून हातात धरतात, मग आठवण होते, आणि तो स्वतःच खातात. तेवढा वेळ मी ताटात बघत बसतो.

आता फटफटीचं. तुमचं पत्र मिळालं. बाईमाणसाला फटफटीवर बसवून गावोगाव हिंडवणार असाल तर निदान आमच्या घराण्याचं नाव कुणाला सांगू नका, आणि घ्यायचीच झाली तर बाबांनी पारखल्याशिवाय घेऊ नका, असं तुम्ही बजावलंत. दादा, मला काय फटफटीची हौस आहे? मला सायकलवरून उतरायला अजून ओटा लागतो. पण मालन नर्स झाल्यापासून तिला आसपासच्या खेड्यांतून बाळंतपणाची बोलावणी येतात, आणि जायला बैलगाडी. गेल्या पौषात गिरणाऱ्याच्या पलीकडल्या वस्तीवरून अशीच एक गाडी आली. मालन पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाई गेली, मूलही गेलं. परत आली ती पोरगी अंगणात बसून राहिली. मी म्हटलं, यात तुझा काय दोष? तर म्हणाली, "दोष कुणाचा ते नका सांगू. लवकर कसं पोचायचं ते सांगा." आता मी पडलो ड्रॉइंग मास्तर. मी सरळ रेघ काढून दाखवीन, पण गिरणाऱ्याला सरळ रेघ जात नाही. म्हणून फटफटी. दवाखान्याच्या कमिटीनं निम्मा भार उचलला, निम्मा आम्ही, आणि चालवायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरातला पुरुष मी. (दुसरं कारण शोधूनही सापडलं नाही.)

तर तुमच्या आज्ञेप्रमाणे बाबांना घेऊन आम्ही देवळाली कॅम्पात निसारभाईंच्या दुकानी गेलो. गोऱ्या सोल्जरांना गाड्या विकून विकून निसारभाईंना समोर येईल त्याला साहेब म्हणायची खोड लागली आहे. बाबांना ते "आइए बडे साहब" म्हणाले. बडे साहेबांनी पागोटं सारखं केलं आणि पहिल्या काळ्या फटफटीला एक फेरी मारली. मग उकिडवे बसून तिचे दात पाहिले. (साखळीच्या चाकाचे. बाकी कुठं तिला दात नव्हते.) पाठीवर थाप मारली, पुठ्ठा दाबला, मागचा पाय हलवून बघितला, आणि समोर येऊन दिव्याकडं टक लावून उभे राहिले. मला हळूच म्हणाले, "जावाई, हाऊ काना शे." एका डोळ्याचं जनावर दावणीला बांधायचं नाही हे तुमच्या घरचं शास्त्र मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे, पण ते कॅम्पात लागू पडेल असं वाटलं नव्हतं. निसारभाई काकुळतीला येऊन सांगू लागले, की विलायतेतसुद्धा फटफटीला एकच दिवा असतो. बाबा म्हणाले, "मंग तठला बजारच खराब शे."

जनावर नापसंत असलं तरी भाव विचारल्याशिवाय उठणं म्हणजे मालकाचा अपमान, म्हणून बाबांनी खांद्यावरचं उपरणं निसारभाईंच्या हातावर टाकलं आणि खाली हात घातला. आता बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, हे तुम्हाआम्हाला ठाऊक; त्या बिचाऱ्याला काय कळणार? बाबा बोटं दाबताहेत आणि निसारभाई जीभ बाहेर काढून दाखवताहेत! त्यांना वाटलं, म्हातारा नाडी बघतोय. "बुखार नहीं है बडे साहब, थोडा जुकाम है," असं ते अदबीनं म्हणाले. बाबांनी हात काढून घेतला. ह्या माणसाला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही, असं त्यांनी मला भर दुकानात सांगितलं, आणि मी ते मराठीतून हिंदीत करताना "बाबा आपकी तारीफ करते हैं" असं केलं.

मी मात्र दुकानातल्या दोन फटफट्या चालवून पाहिल्या, ही काळी आणि तिच्या शेजारची तांबडी. काळीला लाथ मारून सुरू करायचं असतं. मी एक मारली, तिनं मला परत मारली. पोटरी अजून जांभळी आहे. तांबडी गुणाची निघाली, लगेच सुरू झाली, फक्त थांबायचं नाव घेईना. निसारभाई मागून ओरडत होते, "मास्तरसाब, क्लच! क्लच!" क्लच कुठला हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं, आणि मालन माझा कोट धरून शेजारीच उभी राहून ऐकत होती, पण ऐन वेळी मला फक्त हॉर्न सापडला. तो वाजवत वाजवत मी रस्ता सोडला आणि सखुबाई माळणीच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन आडवा झालो. ती बाई खुरपं हातात घेऊन उठली. वाटलं, आता काही आपण वाचत नाही. पण तिनं मला हाताला धरून उठवलं, कानातला चिखल पुसला आणि म्हणाली, "मास्तर, वाट तिकडं हाय. हितं कोथमीर हाय." एवढंच. (नुकसानीचं काही घेईना, म्हणून सगळी मोडलेली कोथिंबीर मी विकत घेतली. त्या आठवड्यात आमच्याकडं दुसरं काही शिजलं नाही, आणि वर्गात शिरलो की पोरं नाक वर करून वास घ्यायची.)

शेवटी निसारभाईंनी एक हिरवी गाडी बाहेर काढली. जड, लांबच्या प्रवासाची, आणि बगलेला माणूस बसायची डोली, तिला साइडकार म्हणतात. त्या साइडकारला स्वतःचा छोटा दिवा! मी आनंदानं ओरडलो, "बाबा, दोन डोळे!" बाबांनी डोळे पाहिले, मान डोलावली, मग खाली चाकं पाहिली. "हाऊ लंगडा शे," म्हणाले. दोन पायांचा माणूस असतो, चार पायांचं जनावर असतं, तीन पायांचं काय असतं ते मला दाखव, असं त्यांचं म्हणणं. पण एवढ्यात मालन काही न विचारता साइडकारमध्ये जाऊन बसली, औषधांची पेटी मांडीवर घेतली, पेटी खाली ठेवून पाहिली, परत मांडीवर घेतली. "हिच्यात पेटी हलत नाही," म्हणाली. तिच्या तोंडावर पौषापासून पहिल्यांदा मी थोडा उजेड पाहिला, आणि पसंत पडली तर ठेवू नाहीतर परत आणू, या बोलीवर गाडी घरी न्यायचं ठरवून टाकलं. निसारभाईंचा माणूस ती आमच्या दारात लावून गेला.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मला वाटलं रुसले. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाले (तुमच्याकडच्या बोलीत, मी माझ्या बोलीत लिहितो), बैल उधळला तर कासरा ओढता येतो, हे उधळलं तर माझ्या पोरीनं काय ओढायचं? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की काणा आणि लंगडा हे सगळं वरवरचं होतं. म्हाताऱ्याच्या पोटात भीती होती. माझ्याही होती, दादा. मी त्यांना ब्रेक दाखवला आणि सांगितलं, हा कासरा. पण माझा आवाज काही खात्रीचा नव्हता.

आणि चारच दिवसांनी भर दुपारी एक माणूस सायकल टाकून दारात धापा टाकत उभा राहिला. त्याच वस्तीवरचा. त्याच्या बायकोला, बायडाबाईला, सकाळपासून कळा येत होत्या आणि मूल आडवं आलं होतं. मालननं पेटी उचलली. बैलगाडी जोडायची तर सोडाच, त्या माणसाच्या तोंडाकडं बघायलासुद्धा वेळ नव्हता. मी कोट घातला, टोपी दाबली, फटफटीकडं गेलो. पाय लटलट कापत होते, खोटं कशाला सांगू. बाबांनी एकदा माझ्या पायांकडं पाहिलं, एकदा मालनकडं. मग ते उठले, कोनाड्यातली गावाहून आणलेली पेंड सवयीनं कनवटीला खोचली आणि मागच्या शिटेवर येऊन बसले. आणि फटफटी निघाली. रस्त्याचं मी फारसं सांगू शकत नाही, कारण गंगापूर येईपर्यंत माझे डोळे मिटलेले होते. (कसे काय, ते आत्ता विचारू नका. सरळ वाचत या.)

वस्तीच्या अलीकडं ओढा आहे. त्यात गाडी रुतली आणि धापा टाकून बंद पडली. पलीकडं झोपड्या दिसताहेत, बायका हात करून बोलावताहेत, आणि आम्ही चिखलात. मालनचा चेहरा पांढराफटक पडला. पौषातली ती बाई तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असणार, माझ्याही राहिली. तेव्हा बाबा खाली उतरले. धोतर खोचलं, साइडकारला खांदा लावला, आणि टाकीवर थाप मारून ओरडले, "चाल रे हौशा! चाल मना राजा!"

दादा, ते नाव त्यांच्या तोंडून मी सहा महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण क्षणभर थांबले. मग परत ओरडले, आणखी मोठ्यानं. मीही चिखलात उतरून लोटू लागलो. इंजिन खोकलं, पेटलं, आणि गाडी गुरगुरत काठावर चढली. मला रडू येत होतं, पण तोंडात इतका चिखल गेला होता की तेही नीट जमेना.

बायडाबाई वाचली. मुलगी झाली, चांगली ठणठणीत, रडली तर ओढ्यापलीकडं ऐकू गेलं असेल. बाबा बाहेर गाडीपाशी बसले होते. रडणं कानावर आलं तसं त्यांनी कनवटीची पेंड टाकीवर ठेवली आणि बैलाच्या गळ्याखालून फिरवावा तसा खालून हात फिरवला. इंजिन तापलेलं, हात चांगला पोळला. परतताना ती पेंड सांडू नये म्हणून त्यांनी वाटभर एक हात पुढं धरला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निसारभाईंकडं गेलो. त्यांनी कुणाला तरी विचारून ठेवलं असावं, कारण बाबांना पाहताच त्यांनी गाड्या पुसायचं तेलकट फडकं स्वतःच्या हातावर पसरलं आणि हात पुढं केला. बाबांनी खाली हात घातला. दोघं बराच वेळ आभाळाकडं बघत उभे होते. मग बाबा हसले, निसारभाई हसले, सौदा झाला. काय ठरलं ते दोघंही मला सांगत नाहीत.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि कांदा निवडताना वाकू नका म्हणावं, बसून निवडा.

आपला,
सावळीराम

ता. क. मूळ काम राहिलंच. तुमच्या मोठ्या पेटीत हौशाची झूल आहे, आईंनी आरसे लावून शिवलेली. ही आता कुठल्याही पाठीवर पडायची नाही, असं म्हणून बाबांनी ती स्वतः घडी करून ठेवली होती. ती पोळ्याच्या आत पाठवा. बाबांनी मागितली आहे. मी दोनदा विचारून खात्री केली.

आणखी ता. क. झूल इंजिनावर टाकता येत नाही, जळेल. ती साइडकारवर टाकायची असं बाबांनी ठरवलं आहे.

आणखी एक, आणि मग संपवतो. साइडकारमध्ये मी बसतो. त्या दुपारी मी हँडल धरलं तेव्हा बाबाच म्हणाले, "जावाई, तू तठे बस. तिले हाकू दे." मालन लहान असताना तुमची बैलगाडी कोण हाकत होतं, ते तुम्ही विसरला असाल, ते विसरलेले नाहीत. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून ती अशी बसली, जशी काही जन्मभर तेच करते आहे. निसारभाईंनी मला शिकवलेलं सगळं तिनंच शिकून घेतलं होतं. पेटी माझ्या मांडीवर असते. घराण्याचं नाव आम्ही कुणाला सांगितलं नाही, पण त्या वस्तीवर आता तिला 'सटाण्याच्या बहिरूबाबांची पोर' असंच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही. दादा येईल का, असं ती विचारत नाही. पण सटाण्याची मोटार यायच्या वेळेला तिला दारात काहीतरी काम निघतं. तेव्हा झूल कुणाबरोबर पाठवू नका, स्वतः घेऊन या. पोळ्याच्या मिरवणुकीत हाकणारी ती मालन, मागं ताठ बसलेले ते बाबा, आणि झुलीखाली जो असेल तो मी.