टिटवीची तेरावी कमांड

३ फेब्रुवारी, मंगळवार
टिटवी जिवंत आहे! एकोणपन्नास दिवस गप्प होती. आज सकाळी बडनेरा रोडच्या आमच्या डिशवर तिचा आवाज आला. आवाज म्हणजे पडद्यावर एक बारीक रेघ. लघुग्रहाची धूळ पोटात घेऊन परत निघालेलं यान, अर्धं इंधन गळून गेलेलं, गिरक्या खातंय. पण बोलतंय! मी रडले. चंद्रभानजी नुसते बघत राहिले. म्हणाले, "आता काय उपेग, पोरी? मेल्यातच जमा हाय ते."
तीस वर्षं अँटेना सांभाळलेला माणूस. आनंद नको व्हायला?

५ फेब्रुवारी
आमच्या केंद्रप्रमुख, प्रणाली मॅडम, यांचा लेखी आदेश — सगळे हीटर बंद. बॅटरी साठवायची, पंधरा तारखेला इंजिन पेटवायचं. तो दिवस हुकला तर टिटवी पृथ्वीला टाळून निघून जाणार, कायमची. सकाळची पाळी माझी, दुपारची चंद्रभानजींची.

७ फेब्रुवारी
काहीतरी गडबड आहे. आपल्याला किती कमांड मिळाल्या ते यान स्वतः मोजतं. नोंदवहीत काल आम्हा दोघांच्या मिळून बारा. टिटवी म्हणते तेरा! वर बॅटरी दोन टक्के खाली. चंद्रभानजींना विचारलं. "मोजण्यात चुकली असशीन." माझ्याकडे न बघता.

८ फेब्रुवारी, रविवार
अकोल्याला गेले नाही. अम्मीला सांगितलं, गाडी चुकली. दिवसभर इथेच बसले. चंद्रभानजी तीनदा म्हणाले, "यास्मीन, घरी जाय." एवढी काय घाई माझ्या जाण्याची?

९ फेब्रुवारी
पुन्हा तेरा.

१० फेब्रुवारी
पाळी संपल्यावर निघाल्यासारखं केलं आणि मागच्या खिडकीशी थांबले. चारला त्यांनी दार लोटलं. काहीतरी टाइप केलं. नोंदवहीला हात लावला नाही!
ते दुसऱ्या कंपनीत जाणार असं ऐकलंय. ही मोहीम बुडायला हवी आहे का त्यांना? पहिल्या दिवसापासून मेली, मेली म्हणत होते!
मॅडमना सगळं लिहून दिलं. खाली सही.

११ फेब्रुवारी
त्यांचा पासवर्ड बंद झाला. त्यांनी डबा उचलला, चष्मा खिशात घातला. भांडले नाहीत. दारातून एवढंच, "तिच्या नळीकडं ध्यान ठेवजो."
धमकी होती का ती?

१२ फेब्रुवारी
दोन्ही पाळ्या आता माझ्याच. टिटवीकडेही बारा. बरोब्बर बारा! बॅटरीही चढली. माझंच खरं होतं.

१३ फेब्रुवारी
इंधनाच्या नळीचं तापमान चार. परवापर्यंत नऊ होतं. दोनच्या खाली गेलं की इंधन गोठतं आणि नळी फुटते. मागचे आकडे काढले — हीटर बंद असूनही त्याआधी आठवडाभर नऊच्या खाली गेलेलं नाही. मी फक्त बॅटरी बघत होते. आणि त्यांना!
तशीच त्यांच्या घरी गेले. अंगणात तूर वाळत घालत होते.
"रोज चार मिनिटं," ते म्हणाले. "तेवढाच हीटर लावत होतो."
"मॅडमले काहून नाही सांगतलं?"
"सांगतलं ना, दोनदा. त्याइच्या हिशोबात बसत नाही म्हणे."
"मंग मले?"
"तुले सांगतलं असतं तं तुही नोकरी गेली असती. माही तं दोन महिन्यांत संपतेच."
"तुमी तर म्हणत होते, मेल्यातच जमा."
"वाटलं होतं तसं. मंग तिनं उत्तर देल्लं ना."
आत ये, बस म्हणाले. मला उंबरा ओलांडवेना. माफीसुद्धा नीट मागता आली नाही.
परत आले तेव्हा चार वाजत आले होते. दार लोटलं. हीटर, चार मिनिटं — कमांड पाठवली. अकरा मिनिटं जायला, अकरा उत्तर यायला. नोंदवहीला हात लावला नाही.

१४ फेब्रुवारी
नळी नऊवर. पुन्हा पाठवली.

१५ फेब्रुवारी
इंजिन पेटलं! टिटवी वळली! मॅडमनी पेढे मागवले. मी चंद्रभानजींना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जेवली का तू?"

१६ फेब्रुवारी
टिटवीच्या मोजणीत पुन्हा तेरा निघाल्या, म्हणून चौकशी बसली. त्यांना काढल्यावरही हीटर कुणी लावला? — मी. चंद्रभानजींवरची तक्रार खोटी निघाली, तीही माझीच, असं लिहून सही केली.
माझा पासवर्ड बंद.