ओयिदोर म्हणजे ऐकणारा

८ सप्टेंबर, सकाळी ८
आजपासून रोज लिहायचं. पीएचडीचं सातवं वर्ष, आणि हे शेवटचं. ठरलं म्हणजे ठरलं.
थीसिसचा विषय: दोन बार्तोलोमे दे अर्रियागा, सतराव्या शतकात समुद्रापलीकडच्या वसाहतीत, कीतोला नेमलेला स्पॅनिश न्यायाधीश. ('दोन' म्हणजे आपल्याकडचं राव. शेजारच्या लता काकू अजून विचारतात, दुसरा बार्तोलोमे कोण?) हुद्दा ओयिदोर. ओयिदोर म्हणजे ऐकणारा. राजाच्या वतीने गाऱ्हाणी ऐकायची, निवाडा द्यायचा.
स्वानंदी काल डॅलसजवळच्या प्लेनोला गेली. नवी नोकरी. एअरपोर्टवर म्हणाली की मी तिचं कधीच ऐकत नाही. माझी बायको असून माझ्या विषयाची एवढी कमी माहिती.
प्लॅन: चौथा चॅप्टर ऑक्टोबर, डिफेन्स म्हणजे तोंडी परीक्षा डिसेंबर, प्लेनो जानेवारी.

१९ सप्टेंबर
चौथा चॅप्टर: शीर्षक झालं.
स्वानंदीचा मेसेज. थीसिस इथे बसूनही लिहिता येईल ना रे, ये की लवकर, घर फार मोठं वाटतं.
राजाचं पत्र समुद्रापलीकडून आलं की ओयिदोर उभे राहायचे, पत्राला ओठ लावायचे, डोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, आज्ञा मानतो पण अमलात आणत नाही. हे चक्क कायदेशीर होतं. राजा लांब, त्याला इथली परिस्थिती काय ठाऊक? स्पॅनिश लोकांना एवढा सोहळा करावा लागला, आपल्याकडे एका शब्दात काम होतं. शिरसावंद्य.
फोन डोक्यावर ठेवला. फोटो काढून तिला पाठवला, खाली तोच शब्द. तिने हार्ट टाकलं.

३ ऑक्टोबर
बार्तोलोमेची बायको इनेस स्पेनमध्येच राहिली होती. राजाचा हुकूम: बायकोला घेऊन ये, नाहीतर परत ये. अकरा वर्षांत अशी सात पत्रं. साहेबांनी सातही डोक्यावर ठेवली. याला म्हणतात संयम.
गाइडबाई म्हणाल्या, याला संयम म्हणत नाहीत, आणि चॅप्टर कुठे आहे? अमेरिकन लोकांना बारकावे कळत नाहीत.

२६ ऑक्टोबर
लता काकू चकल्या घेऊन आल्या. त्यांची बहीण प्लेनोला असते. तिथल्या मंडळाच्या दिवाळीत स्वानंदीने फॉर्मवर 'ॲडल्ट: एक' लिहिलं म्हणे. मी म्हटलं, घाईत चुकली असेल. काकू उठल्या, म्हणाल्या, डबा सावकाश दे हो.
आजच एक कागद सापडला. अकराव्या वर्षी इनेसने चर्चच्या यादीत स्वतःला विधवा म्हणून नोंदवलं. बार्तोलोमे तेव्हा ठणठणीत होता. कारकुनाची चूक. तशी तळटीप टाकली.

६ नोव्हेंबर
स्वानंदीचं गॉलब्लॅडरचं ऑपरेशन, १४ तारखेला. भूल दिल्यावर एकट्याला घरी सोडत नाहीत, न्यायला येणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. तिने माझं दिलंय. फोनवर म्हणाली, या वेळी डोक्यावर नको ठेवूस, फक्त ये.
तिकीट काढलं. १३ची, डेट्रॉइट ते डॅलस. त्याआधी चॅप्टर संपवायचा, मग आठवडाभर तिच्यापाशी. मऊ खिचडी मी करणार. यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले.

१३ नोव्हेंबर, दुपारी १
गाइडबाईंना चॅप्टर आजच हवा. फ्लाइट उद्या सकाळी सहाची करून घेतली. डिस्चार्ज दुपारी. उलट हेच सोयीचं.

१४ नोव्हेंबर, सकाळी ९
अलार्म लावला होता. पीएमचा लागला. शिवाय बाहेर बर्फ. दुपारच्या फ्लाइटने येतो म्हणून कळवलं. तिचं उत्तर: हॉस्पिटल थांबत नाही, त्र्यंबक.

दुपारी ४
तिच्या ऑफिसातल्या रीमाने तिला घरी नेलं. फॉर्मवर माझं नाव खोडून रीमाचं लिहावं लागलं. आता जाऊन काय उपयोग म्हणून फ्लाइट कॅन्सल केली. तिला विश्रांती हवी. चॅप्टरही गेला नाही, एक तळटीप राहिली.
डोळ्यांतून सारखं पाणी येतंय. हीटरमुळे हवा फार कोरडी झाली असावी.

५ डिसेंबर
स्वानंदी हल्ली चिडत नाही. जेवलास का, जाड कोट घालतोस ना, एवढंच विचारते. ये म्हणत नाही. संबंध सुधारतायत.

१९ डिसेंबर
तिची ईमेल. मेसेज नाही, ईमेल, सब्जेक्ट लाइनसकट. लिहिते की तिने वेगळं व्हायचं ठरवलंय. राग नाही. ऑपरेशनच्या दिवशी नर्सने तीनदा विचारलं, नवरा कधी येणार, आणि तीनही वेळा तिने येतोय म्हणून सांगितलं. चौथ्यांदा नर्सने विचारलं नाही. आता येऊ नकोस प्लीज, असं शेवटी.
हे मी मुळीच मानणार नाही. बार्तोलोमेला महिनोन्‌महिने समुद्र ओलांडावा लागला असता, मला तीन तास लागतात. उद्याची पहिली फ्लाइट. तिच्या दारात उभा राहून सांगणार की चुकलो. तू गेल्यापासून या घरात मला एक ओळ सुचलेली नाही. माझं प्रेम आहे गं तुझ्यावर, थीसिस गेला खड्ड्यात.
बॅग भरली. शटल बुक केली. अलार्म तीन, सगळे एएमचे.

२० डिसेंबर, सकाळी ७
वेळेवर उठलो. दाढी केली. कोट घातला, बूट घातले. शटल आली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, फोनही केला. मी बॅग धरून दाराच्या आत उभा होतो. मग तो गेला.
अजून बूट घालूनच बसलोय. येऊ नकोस म्हणाली, गेलो नाही. लग्नाच्या आठ वर्षांत तिचं एवढंच ऐकलं.