एकही ओरखडा नाही

२ सप्टेंबर, सोमवार
निवड झाली! चाचणीचं घड्याळ सहा महिने माझ्या मनगटावर. अख्ख्या कारखान्यात दोघांनाच मिळालं. एक मी आणि दुसरा पॅकिंगमधला फेर्नां. फेर्नांला का दिलं ते मला कळलेलं नाही, पण असो.

लॅबमधली मिरेय म्हणाली, "हे बघ विली, हातोडा, वाळू, मिठाचं पाणी, सगळं मशिनवर करून झालंय. मशिनला जगता तेवढं येत नाही, म्हणून तुम्ही दोघं. अजिबात जपू नकोस. आपट, घास, चार माणसांत वावर." स्टीलवर चरे पडतीलच, ते पडू देत. काचेभोवतीच्या काळ्या सिरॅमिकच्या कड्याचं, म्हणजे बेझेलचं, काय होतं ते त्यांना बघायचंय. सिरॅमिकला ओरखडा येत नाही म्हणे. टवका उडाला तर एकदम उडतो, नाहीतर काहीच नाही. मी म्हणालो, मीही तसाच आहे. ती हसली. म्हणजे नाकातून हवा सोडली.

अर्जात विचारलं होतं, रोज किती माणसांशी संबंध येतो? मी लिहिलं, मोजदाद नाही. यात खोटं काही नाही. मी खरंच कधी मोजलेली नाहीत.

१० सप्टेंबर, मंगळवार
अर्धा दिवस सुट्टी काढली. आमच्या इमारतीत तळघरातल्या वॉशिंग मशिनचे वार ठरलेले आहेत. वरच्या मजल्यावरच्या ओदेतचा मंगळवार, माझा बुधवार. त्यामुळे इतकी वर्षं एका जिन्यावर राहून आमची तिथे गाठ नाही. तिचा नवरा गेल्यापासून ती एकटीच असते. प्लॅन असा: चुकून मंगळवारी जायचं, मशिनवर हात टेकायचा, घड्याळ वाजणार, ती बघणार, विषय निघणार.

ती म्हणाली, "अहो मस्यू कालाम, आज मंगळवार आहे."
मी म्हणालो, हो का?
ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "आणि ड्रायरच्या जाळीतला केर काढत जा हो. गुरुवारवाले फार कुरकुरतात तुमच्या नावानं."

बादली घेऊन वर आलो. हात टेकायचा राहिला, कारण हातात बादली होती. पण एक कळलं, इमारतीत माझ्याबद्दल बोललं जातं.

५ ऑक्टोबर, शनिवार
आज डिपार्टमेंटची तोरे, म्हणजे इकडचं वनभोजन. वरच्या कुरणात देवदारांखाली शेकोटी, कागदात गुंडाळून निखाऱ्यांत पुरलेली सॉसेजेस, वाईन, पोरंटोरं, कुत्री. नोटीस दोन आठवडे बोर्डावर होती, "सर्वांना आमंत्रण". आता सर्वांना म्हणजे नेमकं कुणालाच नाही. कुणी माझ्या स्टोअरच्या खिडकीशी येऊन "विली, येतोयस ना?" असं विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. काल मुद्दाम उशिरा निघालो, विचारायचं कुणाचं राहून गेलं असेल तर सोय म्हणून. शेवटी शिपायानं दिवे घालवले.

घरीच केलं. सॉसेज पेपरात गुंडाळून ओव्हनमध्ये. पेपर पेटला. धुराचा भोंगा सुरू झाला, झाडूच्या दांड्यानं बंद केला. हात वर नेला तेव्हा घड्याळ भिंतीवर सणसणीत आपटलं असतं. आपटलं नाही. सॉसेजला पहिल्या पानाचा वास येत होता.

७ ऑक्टोबर
सकाळी स्क्रूच्या डबीसाठी फेर्नां खिडकीशी आला. कोटाला अजून धुराचा वास. म्हणाला, "काय रे बाबा, शनिवारी कुठे गायब होतास? तुझ्या नावाचं सॉसेज मला खावं लागलं!"

म्हणजे माझ्या नावाचं होतं तर. दिवसभर वाईट वाटत राहिलं. चूक त्यांचीच, आधी सांगायला हवं होतं.

त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यावर केवढे चरे! नातवंडं, शेळी, लाकडं फोडणं. अगदीच निष्काळजी माणूस. माझं कसं लखलखीत. मिरेय दोन्ही शेजारी ठेवेल तेव्हा कळेल.

संध्याकाळी आठवलं, चरे पडायलाच हवे होते. हरकत नाही. अजून पाच महिने आहेत.

१६ नोव्हेंबर, शनिवार
गावच्या हॉलमध्ये लोटो, म्हणजे आकडे पुकारून ओळी भरायचा खेळ. गर्दीच गर्दी, मला हवी तशी. लांबलचक टेबलावर बसलो. डावीकडच्या खुर्चीवर कुणाचा तरी कोट, उजवीकडे पर्स, समोर "राखीव" अशी चिठ्ठी. म्हणजे माणसांनी वेढलेलो होतो, फक्त माणसं यायची होती. ती आली आणि खुर्च्या उचलून दुसऱ्या टेबलाला घेऊन गेली. तिथे त्यांचे पाहुणे होते.

तिसऱ्या फेरीला माझी ओळ भरली! बक्षीस अख्खं हॅम. नियम असा की हात वर करून ओरडायचं. हात म्हणजे घड्याळाचाच हात, सगळा हॉल बघणार. मी घसा साफ केला. घसा साफ होईपर्यंत पुढचा आकडा पुकारला गेला आणि हॅम एका शाळामास्तरणीला गेलं. आठवडाभर माझा कुणाशी बोलण्याचा प्रसंग आला नव्हता, घसा जाम झाला होता. असं कुणाचंही होऊ शकतं.

हॅम मला पचत नाहीच.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
रात्रभर बर्फ. गल्लीतल्या सगळ्या गाड्या पांढरे ढीग. बर्फ काढणारं मशीन आठला येतं आणि गाडी हलवली नसेल तर दंड. ओदेतची गाडी कोपऱ्यावर असते. फावडं घेऊन सहाला उतरलो. तिला न सांगता गाडी मोकळी करून ठेवायची, तिनं खाली यावं, चकित व्हावं, मी सहज म्हणावं, अहो त्यात काय. शिवाय घड्याळाला चांगला मार बसेल. एका दगडात दोन पक्षी.

तासभर खणलं. पाठ गेली. खालून निघाली निळी गाडी. ओदेतची लाल. गल्लीतला डेंटिस्ट उतरून आला, निळीत बसला, काचेतून हात केला आणि गेला. तेवढ्यात पलीकडे ओदेत आपली गाडी स्वतःच साफ करून निघून गेली होती. माझी तिच्याकडे पाठ होती.

घड्याळ लोकरीच्या जाड हातमोज्याखाली होतं. घरी येऊन भिंगातून पाहिलं. काही नाही.

डेंटिस्टनं हात केला ही मात्र चांगली गोष्ट. ओळख अशीच होते.

२४ डिसेंबर, मंगळवार
फॉन्ड्यूसाठी दोघांपुरतं चीज आणलं. एकासाठी मागायला दुकानात लाज वाटते, पण आज ते कारण नव्हतं. आज ओदेतला बोलवायचं होतं. वाक्य तयार: "ओदेत, चीज जरा जास्तच झालंय." आरशासमोर म्हणून पाहिलं. घड्याळाचा हात दाराच्या चौकटीवर टेकवून म्हटलं की जास्त सहज वाटतं.

जिन्यात पावलं वाजली की दार उघडायचं ठरलं होतं. वाजली. मी केस नीट करत होतो. उघडलं तोवर ती खाली पोचली होती, हातात बॅग. बहिणीकडे इव्हरदोंला चालली होती. खालून म्हणाली, "कालाम, दार लावून घ्या हो, गरम हवा सगळी जिन्यात जातेय. आणि नाताळच्या शुभेच्छा!"

शुभेच्छा तिनं आपणहून दिल्या. मी विचारलं नव्हतं.

दोघांचं फॉन्ड्यू एकट्यानं संपवलं. काट्यावरचा पाव वितळलेल्या चीजमध्ये पडला की शेजारच्या माणसाला पापा द्यायचा अशी पद्धत आहे. माझा पाव पडला नाही. मी फार जपून खात होतो.

१ जानेवारी
संकल्प. रोज एका तरी माणसाशी हस्तांदोलन. दणकट, मनगट मनगटाला लागेल असं. उद्यापासून. आज सगळं बंद आहे.

९ जानेवारी
खोकला. हस्तांदोलन करणं लोकांच्या दृष्टीनं बरं नाही. मी दुसऱ्यांचा विचार आधी करतो, हाच माझा दोष.

२० जानेवारी
कॅन्टीनमध्ये एका टेबलाभोवती घोळका. मधे फेर्नां. नातवाला घसरगाडीवरून ओढताना दोघं उलटले, घड्याळ दगडावर बसलं आणि बेझेलचा टवका उडाला! मिरेय त्या टवक्याकडे अशी बघत होती की जणू पोराचा पहिला दात. "फेर्नां, सोन्यासारखं काम केलंस रे!" म्हणाली. एक घड्याळ मोडून हा माणूस हिरो झाला. नातवाच्या हाताला प्लास्टर आहे आणि त्यावर सगळ्या पॅकिंगनं सह्या केल्यात म्हणे.

मी माझा ट्रे घेऊन नेहमीच्या खांबाशी बसलो. नाकाला मिरच्या झोंबल्या असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. सूपच तिखट होतं.

२ मार्च, रविवार
उद्या घड्याळ परत द्यायचं. भिंगाखाली घेतलं. सहा महिने. बेझेल आरशासारखं, त्यात माझाच डोळा दिसतो.

असं देणं बरं दिसणार नाही. थोडं आयुष्य घालायला हवं.

आधी किल्ली घासली. करड्या रेघा उठल्या! बरं वाटलं. इतकं बरं की प्रत्येक रेघेला एकेक प्रसंग ठरवत गेलो. ही तोरेच्या वेळची, ही कुणाच्या तरी कुत्र्याची, ही ओदेतच्या दाराची. मग भाजीची सुरी घेतली. आणखी रेघा. मग सहज ओल्या फडक्यानं पुसलं, तर अर्ध्या रेघा फडक्यावर. म्हणजे ते ओरखडे नव्हतेच, किल्लीचंच स्टील सिरॅमिकवर उतरलं होतं, पाटीवर पेन्सिल उतरते तसं. सुरीची धार मात्र पार गेली.

उरलेल्या रेघांना हात लावला नाही. तेवढ्या पुरेत.

३ मार्च, सोमवार
मिरेयनं घड्याळ दिव्याखाली धरलं. ड्रॉवरमधून साधं खोडरबर काढलं आणि माझी तोरे, माझा कुत्रा, ओदेतचं दार, सगळं खोडून टाकलं. फुंकर मारली. खाली बेझेल कोरं करकरीत.

मग कडेचं स्टील बघितलं, पट्टा बघितला. म्हणाली, "विली, मार फक्त कड्यालाच कसा रे बसला? स्टील तर शोरूममधलं वाटतंय. खरं सांग. कपाटात ठेवलं होतंस ना?"

मी म्हणालो, एक दिवस काढलं नाही.

"मी रागावत नाहीये. लोक जपून ठेवतात, महागाची वस्तू असते. पण मग तसं सांगायचं. आता हे निकालात धरायचं कसं?" मग म्हणाली, "बरं, कुणीतरी बघितलं असेल ना तुझ्या हातात? एक नाव सांग, मी विचारते आणि विषय संपवते. एकच नाव."

मी आठवलं. स्टोअरच्या खिडकीतून माल देताना माझे फक्त पंजे बाहेर येतात, बाह्या लांब असतात. ओदेतच्या वेळी हातात बादली होती. लोटोला हात वर झाला नाही. डेंटिस्टच्या वेळी हातमोजा. फेर्नां माझ्याशी बोलला, पण तेव्हा मी त्याचं घड्याळ बघत होतो.

मिरेय थांबली होती. घाई करत नव्हती, तेच जास्त वाईट. चोर ठरलो असतो तरी चाललं असतं, पण एक नाव सुचत नव्हतं.

मग मी बाही वर केली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून. मनगटाभोवती पट्ट्याएवढा गोरा पट्टा, त्यावर एक केस नाही. दोन्ही बाजूंना आहेत, मधे सगळे झिजून गेलेत. सहा महिने रात्रंदिवस घातल्याशिवाय असं होत नाही.

मिरेयनं चष्मा वर केला. माझा हात दिव्याखाली ओढला आणि त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. पूर्ण गोल. बोट थंड होतं. हळूच म्हणाली, "खरंच घातलं होतंस रे विली."

मग हात सोडला. लगेच नाही सोडला.

निकालात मात्र माझं घड्याळ धरणार नाहीत. कुठे काही लागलंच नाही, तर टिकाऊपणा कळणार कसा, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, आणखी सहा महिने द्या. पुढचं घड्याळ एका चीजवाल्याच्या बायकोला द्यायचं ठरलंय. तिला पाच मुलं आहेत.

एकंदर मुलाखत छान झाली.

१० मार्च, सोमवार
मनगटावर बारीक केस यायला लागलेत. बोट फिरवलं की टोचतात. आठ-पंधरा दिवसांत काही म्हणता काही दिसणार नाही.

उद्या मंगळवार. बाही वर करून तळघरात जायचं. हातात बादली न घेता. ओदेतला दाखवायचं आणि सगळं सांगायचं, सुरीचंसुद्धा. ती हसेल. हसू दे. बघेल तर. पक्कं ठरलं, यात आता बदल नाही.

११ मार्च, मंगळवार
गेलो नाही. वार तिचा आहे, उगाच कशाला आगाऊपणा. उद्या बुधवार, माझा हक्काचा. बाही वर करून निवांत जाईन.