खालची टाकी आणि लिंबोणी

अप्पा,

आज परसातली मोरी उकरायला प्लंबर आला होता. फरशी फोडली तर खाली तुमचा लोखंडी पाइप निघाला, गंजून पार भुगा झालेला. "ह्यो मधीच मोरीकडं का वळवलाय, बाई?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "काढून टाका." सांगत बसायचा कंटाळा आला. हल्ली कुणाला काही उलगडून सांगायचं म्हटलं की अंगातलं त्राणच जातं. पण तो गेल्यापासून मनात तुमच्याशीच बोलत बसलेय, म्हणून लिहायला घेतलं.

त्या उन्हाळ्यात मी सासरहून बॅग घेऊन आले, ती परत न जाण्यासाठी. तुमची गिरणीतली फिटरकी नुकतीच संपली होती, माझ्या आईला, अव्वाला, जाऊन वर्ष होत आलं होतं. दारातच तुम्ही विचारलंत, "किती दिस हाईस?" मी म्हणाले, "बघू." मग रोज जेवताना ताटाकडे बघत तुम्ही तोच प्रश्न विचारायचात आणि मी तेच उत्तर द्यायची. तिकडे काय झालं ते तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. मला इथं राहू देणार की नाही, एवढंच कळायला हवं होतं, आणि नेमकं तेच विचारायचं धाडस होत नव्हतं.

कॉलेजातली प्राणिशास्त्राची नोकरी तेवढी हातात होती. सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लागणार, म्हणून तिथली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मी हातगाडीवरून घरी आणली. सहलीत रत्नागिरीहून आणलेले चार-दोन मासे आणि थोडं शेवाळ. सोलापुरात समुद्र! तुम्ही कपाळाला हात लावलात. पाणी लवकर खराब होतंय म्हटल्यावर मात्र तुमच्यातला फिटर जागा झाला. मी म्हणाले, खाली दुसरी टाकी हवी, तिच्यात फक्त शेवाळ आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. वरचं पाणी तिथं उतरेल, शेवाळ ते स्वच्छ करेल, हवेच्या पंपाचे बुडबुडे ते पुन्हा वर चढवतील.

"खाली मासं का न्हाईत?"

"मासे त्यांना खातात, अप्पा. तिथं त्यांना कुणी छळायला नको."

"म्हंजे म्हायेर की त्यांचं," तुम्ही म्हणालात, आणि खडू शोधायला उठलात.

अजून दिसता मला. खडूनं फरशीवर दोन टाक्या काढताय. वीज गेली तर वरचं किती पाणी खाली येईल, तेवढी जागा खाली मोकळी सोडताय. मीठ लोखंड खातं म्हणून आतल्या नळ्या प्लास्टिकच्या, आणि दर आठवड्याला बदलायचं पाणी बाहेर सोडायला घरातच पडलेला हा पाइप. सगळ्याचा विचार केलात. पाइपाचं तोंड कुठं सोडायचं, याचा मात्र तुम्हीही केला नाहीत आणि मीही नाही. आपल्या घरातलं पाणी एकाच जागी जायचं. तांदळाचं धुवण, आंघोळीचं पाणी, सगळं अव्वाच्या लिंबोणीला. दुष्काळात त्याच पाण्यावर तिनं ती जगवली होती. पाणी गटारात सोडायचं आपल्याला सुचणारच नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर लिंबोणीची पानं कडेनं करपली. ऊन लागलं म्हणून तुम्ही आणखी पाणी सोडलंत, त्याच पाइपातून. मग एका सकाळी आळ्यात पांढरा थर दिसला. तुम्ही तो बोटानं उचलून जिभेवर ठेवलात आणि तिथंच मटकन बसून रडलात. अव्वा गेली तेव्हाही मी तुम्हाला रडताना पाहिलं नव्हतं. तिचं म्हणून तेवढंच उरलं होतं, आणि ते मी आणलेल्या पाण्यानं गेलं. आता बॅग भरायची, एवढंच डोक्यात.

"टाकी काढते मी," मी म्हणाले.

"कशापायी? पाइप मोरीकडं वळवतो की."

त्या दिवशी जेवताना तुम्ही तो प्रश्न विचारला नाहीत. पुढे कधीच नाही.

टाकी केव्हाच फुटली. मी राहिले ती राहिलेच. दमले आता, अप्पा. हे कागद पाठवायचे तरी कुठं? उद्या त्यांच्यावरच मेथी निवडेन. एक सांगायचं राहिलं. नवऱ्याला सोडून आलीस तेव्हा वडील काय म्हणाले, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी सांगत आले, अप्पा म्हणाले, "पोरी, हितंच राहा." तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात. मला ते फार ऐकायचं होतं.