बाबांना न दिलेलं उत्तर

हैदराबाद, ७ ऑगस्ट

प्रिय आईस सत्यमचा ख्रिस्तात सलाम.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

नाताळात मी सांगितलं, की आमच्या कारखान्यात अणुबॉम्ब वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रांचे भाग बनतात, पण ती वापरायची नाहीत, फक्त धाकासाठी आहेत. तेव्हा बाबांनी जपमाळ थांबवून विचारलं, “वापरनार न्हाई म्हन्ता, मग ठेवता कावून रे?” मी चिडून दुसऱ्याच दिवशी निघालो. त्यानंतर आलो तो थेट त्यांच्या मातीला. त्यांच्या हातात तीच जपमाळ मी गुंडाळली.

काल हिरोशिमाच्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत फादर म्हणाले, “अशी शस्त्रं नुसती बाळगणंही चर्चला मान्य नाही.” मला बाबाच आठवले.

आज मी कारखान्यात क्षेपणास्त्रांचं काम नसलेला दुसरा विभाग मागितला. नाही मिळाला तर नोकरी सोडून घरी माजलगावला येईन. काळजी करू नकोस.

रविवारी कबरीवर मेणबत्ती लावशील, तेव्हा बाबांना एवढं सांग.

तुझा,
सत्यम